तिसऱ्या पिनेची बरणी आणि राहतं घर

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी विमा कचेरीत कारकुनी आणि हल्ली घरातली बटणं बंद करणे, माझ्यामागे कुणी काय घ्यावं आणि मुख्य म्हणजे कुणी कशाला हात लावू नये, हे आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. चिरंजीवांना तशी शंका आल्यास त्यांनी आधी कलम दोन वाचावं आणि मग कुणाच्या बुद्धीची चौकशी करायची ते ठरवावं. हे लिहिताना माझ्यावर कुणाचा दबाव नाही. या घरात दाब कशालाच नाही, वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यालाही नाही.

पुढच्या आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, किरकोळ आहे हो." किरकोळ हा शब्द मी कचेरीत फार वाचलाय. 'किरकोळ दुरुस्ती करत असताना' अशी सुरुवात असलेले दावे तपासण्यातच माझी नोकरी गेली. तेव्हा मला पोटाची काळजी नाही. मी इस्पितळात असताना, किंवा परत आलेच नाही तर, गीझर कोण बंद करणार, ही काळजी आहे.

कलम एक: बरणी.

आमचे हे घरात कधी मिस्त्री येऊ देत नसत. काही बिघडलं की "मी आहे ना!" या घरातले सॉकेट जुने, दोन भोकांचे, आणि बाजारातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला पिना तीन. यावर सॉकेट बदलणं हा एक उपाय होता. ह्यांनी दुसरा काढला. वरची जाडी पिन पकडीने पिरगळून उपटायची. "ती नुसती आधाराला असते गं," म्हणायचे. इस्त्री, फ्रिज, पाण्याचा पंप, कुणाची सुटका झाली नाही. उपटलेल्या पिना मात्र कॉफीच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवल्या, कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. कशाला लागणार होत्या ते त्यांनाच ठाऊक.

हे गेले ते झोपेत, हृदय थांबून. विजेचा काही संबंध नाही. तेव्हापासून चिरंजीवांचा एकच मुद्दा: "बाबांनी जन्मभर केलं, काही झालं का त्यांना?" ह्यांनी एकदा तरी सडकून झटका खाल्ला असता तर पोराचं भलं झालं असतं. त्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग म्हणतात. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. ती वाटच उपटून टाकली की वीज माणसातून जाते.

सदर बरणी मी चिरंजीवांना देते. ती त्यांनी दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोखाली ठेवावी आणि पाहुण्यांनी विचारलं तर खरं सांगावं. मुलाला मी रीतीप्रमाणे चिरंजीव लिहिते आहे. ते विशेषण आहे, हमी नाही.

कलम दोन: राहतं घर.

हे घर माझ्या पगारातून घेतलेलं आहे. ते दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बोळातल्या स्विचबोर्डासह मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. धक्का बसला असेल तर बसू दे, ज्याच्यापासून मी याला वाचवते आहे त्यापेक्षा हा सौम्य आहे.

कारण सांगते. न्हाणीघरातला गीझर चिरंजीवांनी स्वतः लावला, अर्थात वडिलांच्या पद्धतीने. थंडी सुरू झाली तशी सून सांगू लागली, "आई, नळ सोडताना हाताला मुंग्या येतात."

चिरंजीव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मनाचे खेळ आहेत."

"अरे, पण तिला रोज येतात," मी म्हटलं.

"मग रोजचे खेळ आहेत."

मी टेस्टर आणून नळाला लावला. त्यातला दिवा लख्ख पेटला. चिरंजीव म्हणाले, "टेस्टर जुना आहे." मी नवा आणला. तोही पेटला. तर म्हणे, "स्वस्तातला आणलास, ते असेच पेटतात." आता टेस्टरही मनाचे खेळ खेळतो म्हटल्यावर कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मी काय करणार?

वायरमनला बोलावलं. हे गृहस्थ फोनवर "निघालोच!" म्हणतात तेव्हा त्यांची आंघोळ व्हायची असते. एकदा मात्र खरोखर आले, आणि नेमके सुटीच्या दिवशी. चिरंजीव दारातच आडवे. "मी बघतोय ते, तुम्ही कशाला त्रास घेता?" वायरमननीही त्रास घेतला नाही, चहा घेतला आणि गेले. गीझर बंदच ठेवावा तर चिरंजीवांना थंड पाणी सोसत नाही. मी प्लग काढते, ते लावतात.

म्हणून रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मी उठते. पाणी तापलं की कोरड्या हाताने बटण बंद करते, प्लग ओढून काढते, आणि मगच सुनेला म्हणते, "जा गं आता." मुलालाही तसंच पाठवते. त्याला वाटतं म्हातारीला वीज वाचवायचा नाद आहे. वाटू दे. माझा पोरगा आहे, त्याचं शहाणपण मला घरात चालेल, त्याचा फोटो भिंतीवर चालणार नाही.

त्यात बोळातल्या बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज वरचेवर उडायचा. चिरंजीवांनी त्यात चांगली दणकट तार घालून टाकली. "आता बघ कसा उडतो ते!" अरे बाबा, उडणं हेच त्याचं काम! या घरात वेळेवर निघून जाणारा तो एकटाच होता, त्यालाही जखडलं. ती तार मी बदलून पुन्हा बारीक, फ्यूजचीच तार घातली आहे. फ्यूज पुन्हा उडाला तर तो का उडाला ते शोधावं, तारेची जाडी वाढवू नये.

घर देताना सुनेला एकच अट. नवरा पक्कड घेऊन उठला की तिने मेन स्विच बंद करावा, फ्यूज उपसून काढावा आणि स्वतःजवळ ठेवावा. टेबलावर नाही, बोर्डावर नाही, स्वतःजवळ. आत एक माणूस तारेला हात घालून बसलेला असतो आणि बाहेरून दुसरा येऊन "अरेच्चा, मेन कुणी बंद केलं?" म्हणत चालू करतो, असे दावे माझ्या टेबलावरून गेले आहेत.

पण सून पडली गरीब. तिचं आपलं "जाऊ दे ना आई, कशाला वाद." ही अट तिच्याकडून पाळली जाईल का, मला खात्री नाही, आणि रात्ररात्र मला झोप नाही ती यापायी. अट मोडल्यास घर विकून रक्कम अग्निशमन दलाला द्यावी. नाहीतरी त्यांना यावंच लागेल.

कलम तीन: लेक आणि जावईबापू.

दागिने आणि बँकेतली शिल्लक लेकीला. वहिनीच्या मुंग्या ऐकून ती फोनवर म्हणाली होती, "वहिनी पहिल्यापासून नाजूकच." तरी देते, पोटची आहे. मात्र शिलकेतून आधी नवा गीझर, सगळीकडे अर्थिंग, तीन भोकांचे सॉकेट आणि वीज गळली की आपणहून बंद होणारा स्विच बसवावा. उरेल ते तिचं.

जावईबापूंना पाना. गेल्या वर्षी ते ओट्याखालचा गळका नळ बदलायला बसले. मी म्हटलं, "आधी मुख्य कॉक बंद करा." ते म्हणाले, "अहो आई, दोन मिनिटांचं काम आहे, पटकन काढतो, पटकन लावतो." पटकन काढला. एरवी करंगळीएवढं येणारं पाणी त्या दिवशी छताला लागलं. जावईबापू पाइपाला अंगठा लावून उभे आणि ओरडतायत, "कॉक कुठाय? कॉक कुठाय?" इतकी वर्षं या घरात येऊन जेवले, कॉक कुठे आहे हे विचारावंसं वाटलं ते तेव्हा! पाणी फ्रिजच्या प्लगकडे निघालं, तेव्हा मी कोरड्या बोळात जाऊन मेन ओढलं आणि मग कॉक.

कॉक न्हाणीघराच्या दारामागे आहे. उजवीकडे फिरवला की बंद. अधूनमधून फिरवत राहावा, नाहीतर गंजून बसतो. तो बंद केल्यावर नळ सोडून पाणी खरंच थांबलं का पाहावं, खाली बादली ठेवावी, आणि मग पाना लावावा. एवढं पाठ म्हणून दाखवल्याशिवाय जावईबापूंना पाना देऊ नये.

कलम चार: साक्षीदार.

साक्षीदाराला काही देऊ नये असं म्हणतात, म्हणून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना काही देत नाही. एरवीही दिलं नसतं. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या छतातून झिरपून बोळातल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत आलं, आणि ते अजून म्हणतात, "ते पाणी आमचं नाही." जणू मी ढगांवर दावा लावावा. त्यांच्या जोडीचे साक्षीदार वायरमन. जेवायला बोलावल्यामुळे ते वेळेवर आले आहेत.

पुरवणी, सही करण्याआधी लिहिलेली.

वरचा मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवत असताना चिरंजीव अनवाणी न्हाणीघरातून बाहेर आले. पाय ओले, हातात पक्कड. म्हणाले, "आई, तुझी कटकटच संपवतो. व्हिडिओ पाहिलाय, गीझर उघडतो आता." आणि मेनकडे न बघता आत वळले. मी उठायला गेले तर पोटात कळ आली आणि तशीच खाली बसले.

तेवढ्यात पंखा थांबला. सून बोळात उभी होती. तिने मेन ओढलं होतं. माझ्यादेखत तिने फ्यूज उपसला, पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली आणि वायरमनला म्हणाली, "भाऊ, सही झाली की जेवायच्या आधी गीझर. तिसरी पिन लागल्याशिवाय ताट मिळणार नाही."

चिरंजीव बाहेर आले. "अगं, फ्यूज दे. पंखा बंद पडलाय, जीव जातोय उकाड्याने."

सून म्हणाली, "मनाचे खेळ आहेत."

मास्तर हसले. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. मग त्यांनी पक्कड टेबलावर ठेवली आणि पाय पुसले.

सबब कलम दोनमधली अट मी याद्वारे रद्द करते. घर सुनेचं, विनाअट. अग्निशमन दलाने माझ्या घराची आशा सोडावी. ऑपरेशनला मी निर्धास्त जाते आहे, आणि आज रात्री मी झोपणार आहे.

सही: घराची मालकीण

साक्षीदार १: वायरमन (उपाशीपोटी)

साक्षीदार २: वरचे मास्तर (पाणी आपलं नाही, ही हरकत नोंदवून)

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल

दिनांक: रविवार, ६ मार्च २०२२, भर दुपार. मेन बंद. फ्यूज सुनेजवळ.