गावाचं कॅरेक्टर

नेदर विमकोट,
बुधवार, दुपारच्या चहानंतर

प्रिय लेटिसताई,

धाकट्या हेस्टरचा सप्रेम नमस्कार. समुद्राच्या हवेने तुझा गुडघा सुधारला असेल आणि एडविनभावोजींचे कान होते तसेच असतील (दोन्ही गोष्टी तुझ्या सोयीच्या), असं धरून चालते. इकडे आम्ही खुशाल. म्हणजे परवापर्यंत होतो.

झालं असं, की चर्चखालच्या कुरणात चाळीस घरं बांधायचा घाट कोणीतरी घातला आहे. टेकडी उतरताना आधी कुरण, मग नदी, मग चर्चचा मनोरा दिसतो ना, तिथे उद्या चाळीस मोटारी दिसतील. गाव जुनं ठरलं तर हे टळेल, म्हणून जिल्ह्याच्या कचेरीतून मिस थ्रॉप यायच्या होत्या. त्याआधी फळ्यावर सूचना लागली, 'गावाच्या ऐतिहासिक कॅरेक्टरची तपासणी होईल.' आपल्या लोकांना कॅरेक्टर म्हणजे एकच गोष्ट ठाऊक! सगळ्या गावाचं धाबं दणाणलं. मिस थ्रॉप बिचाऱ्या भिंतींचं वय विचारत होत्या, आणि पाद्रीबाई मिसेस गोटोबेड छातीवर हात ठेवून सांगत होत्या, "अहो, या गावात चारशे वर्षांत काही म्हणजे काही घडलेलं नाही!" पबवाला पमरी त्यांच्याही वरचढ. "आमचा पब? काल-परवाचा हो! वरच्या खोलीत कोण राहिलं, कोणाबरोबर राहिलं, आम्हाला काही माहीत नाही." (त्या पबच्या तुळया किती जुन्या आहेत, हे डोकं आपटलेल्या प्रत्येकाला कळतं.) मिस थ्रॉपनी वहीत 'इतिहास आढळला नाही' असं लिहिलं आणि छत्री उचलली.

मला रडूच आलं, ताई. त्या कुरणात लोळून आपण मोठ्या झालो. मी धावत जाऊन त्यांना फाटकाशी गाठलं. त्या म्हणाल्या, "आजी, आता एकच उपाय. कुरणातून गिरणीकडे पायवाट जाते ना? लोकांनी ती सलग वीस वर्षं वापरली असं सहीनिशी लिहून द्या. वहिवाट सिद्ध झाली तर बांधकाम अडेल." पण सही करणार कोण? वाटेच्या टोकाला फक्त जेबेझची गिरणी, आणि तो शेवटपर्यंत बिनलग्नाचा आणि देखणा. गावातली एकही बाई म्हणे तिकडे कधी फिरकली नव्हती. वाट मात्र गुडघाभर खोल गेली आहे. ती काय बदकांनी पाडली?

बाकी ठीक. आलुबुखारचा मुरंबा यंदा छान जमलाय, एक बरणी पाठवते.

तुझी,
हेस्टर

ता. क. : लग्नाआधी अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी तू जेबेझकडे पीठ आणायला जायचीस. (तेवढं पीठ खरंच घरी आलं असतं तर आईने बेकरी काढली असती.) सोबतच्या कागदावर सही करून सोमवारच्या आत पाठव. कारणाच्या रकान्यात 'पीठ' लिहिलंस तरी चालेल. तोवर भावोजींचा चष्मा लपवून ठेव.

ता. क. २ : अकरा म्हणजे वीस नव्हेत, हे तू म्हणशीलच. काळजी नसावी. तू लग्न करून गेलीस, त्याच्या पुढच्याच मंगळवारपासूनची नऊ वर्षं मी माझ्या सहीने भरली आहेत.