मलकीसदेकाचा बाप

प्रिय पंडितबाई,

तुझ्या नोकरीच्या या परक्या गावी तुझे दफन रीतसर पार पडले, काळजी नसावी. मला मात्र सकाळपासून फार भीती वाटते आहे.

नोंदणी कारकुनाने तुझ्या आईवडिलांची नावे विचारली. तू अनाथालयाच्या पायरीवर सापडलेली. ती नावे कोणालाच ठाऊक नव्हती. रकाना कोरा राहिला तर पुनरुत्थानाच्या दिवशी तुला कोण हाक मारील, या धास्तीने मी माझ्याच आईवडिलांची नावे सांगितली. कागदोपत्री तू माझी बहीण झालीस.

बायबलातल्या मलकीसदेक याजकाच्या आईबापांचा उल्लेख नाही. म्हणून तो नोहाचा मुलगा शेमच असावा, असे मी तीस वर्षे मांडत आलो. तू हसून म्हणायचीस, “अहो, त्या बिचाऱ्याला बाप कशाला चिकटवता? अब्राहामाने कुळी न विचारताच त्याचा आशीर्वाद घेतला ना?”

ते आठवले आणि दुपारी मी परत गेलो. “आजोबा, आता खाडाखोड होय?” कारकून वैतागला. तरी दोन्ही नावे खोडून घेतली. कोऱ्या रकान्याची माणसे देव ओळखतो ना गं?

तुझ्या खोलीला कुलूप लावले. किल्ल्या घरमालकीणबाईंना परत केल्या.

तुझा पती