पंधरा मिनिटांची उभी मीटिंग

३ मार्च, सोमवार
आजपासून अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या छोट्या टप्प्यांत करायची पद्धत. साहेबांनी स्पष्टच सांगितलंय: महिनाअखेर ग्राहकाला दवाखान्याचं अपॉइंटमेंट अ‍ॅप चालवून दाखवा, नाहीतर तुमचं काही खरं नाही. घाबरायचं कारण नाही. मी टीमचा लीड, माझं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालंय. रोज सकाळी साडेनऊला टीमने उभं राहून पंधरा मिनिटांत सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडतंय कुठे. उभा राहिला की माणूस कमी बोलतो.

५ मार्च
मीटिंग सव्वा तास चालली. बहुतेक मीच बोललो. सुरुवातीला समजावून सांगावंच लागतं. पाय भरून आले. उद्यापासून मी खुर्ची घेणार. बाकीचे उभे राहतील. नियम म्हणजे नियम.

११ मार्च
टीमचा वेग कमी पडतोय. प्रत्येक कामाला अवघडपणाचे पॉइंट असतात. आठवड्यात जेवढे संपतील तेवढा वेग. उपाय सापडला. सगळ्या कामांचे पॉइंट दुप्पट केले. वेग दुप्पट. साहेबांना आलेख पाठवला. लॉगिन अजून होत नाही, पण दिशा बरोबर आहे.

१९ मार्च
ताप. घरी. मीटिंग रद्द. टीमचं कसं होणार या काळजीने डोळ्याला डोळा नाही. बायको म्हणते, घोरत होतास.

२१ मार्च
लॉगिन होतंय! अपॉइंटमेंटही मिळतेय. अजाइल टीमच्या अंगात भिनलं. टेस्टिंगवाली म्हणाली, सर, तुम्ही नव्हतात तेव्हा सलग काम करता आलं. मुद्दा महत्त्वाचा. असं का झालं, यावर रोज संध्याकाळी अर्धा तास मीटिंग ठेवली. सगळे एकदमच घड्याळाकडे बघू लागले. एकमत असावं.

२८ मार्च
ग्राहक खूश. साहेब म्हणाले, टीम आता आपली आपण चालते, तिला लीड नको. ट्रेनिंगमध्ये हेच तर ध्येय होतं. महिन्यात गाठणारा मी पहिलाच असेन. सोमवारपासून येऊ नका, हेही बोलता बोलता म्हणाले. मी आभार मानले. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक. घरी सांगितलेलं नाही.

३१ मार्च, सोमवार, सकाळी साडेनऊ
स्वयंपाकघरात उभा होतो. बायको स्वतःचा डबा भरत होती. तिने विचारलं, तू निघाला नाहीस? मी सांगितलं, नोकरी गेली. काल काही केलं नाही, आज काही करायचं नाही. अडतंय कुठे, ते सांगता येईना. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. पहिल्यांदाच वेळेत.
तिने डबा खाली ठेवला. म्हणाली, मग उभा कशाला? बस की.
बसलो.