दोन मुठी हिरवा

१० जानेवारी

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? खरं सांग, 'बरा आहे' ही नेहमीची थाप नको.

मी मात्र पार मेटाकुटीला आलेय. आजोबांनी वाचनालयाच्या जिन्याला बसवलेल्या हिरव्या फरशांपैकी चाळीस फुटल्यात आणि तशाच नव्या घडवायचं काम मला मिळालंय, हे कळवलं होतंच. त्यांच्या वहीत रंगाचं मिश्रण लिहिलंय. वाळू, राख, माती सगळं किलोत, फक्त तांब्याची पूड 'दोन मुठी'. पाच वेळा तसंच केलं, पाचही वेळा भट्टीतून फरशा काळ्याठिक्कर निघाल्या. आजोबांचा हात मोठा असेल म्हणून सहाव्यांदा भट्टीवाल्या काकांच्या मुठीने घातली, तर तव्याचं बूड परवडलं.

महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर कमिटी अख्खा जिना उखडून बाजारातल्या फरशा लावणार. आजोबांच्या हातचं तेवढंच उरलंय गं. तू लहानपणी भट्टीवर असायचीस, काही आठवतंय का?

लोभ आहेच, सध्या थोडा वाढव.

तुझी भाची

१६ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा दुखतो. झालं समाधान?

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. अगं वेडाबाई, त्या मुठी बाबांच्या नव्हेतच. तांब्याच्या पुडीने त्यांच्या हाताला खाज सुटायची, म्हणून ती मी घालायचे, स्टुलावर उभी राहून. जिन्याचं काम सुरू झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. चौदाव्या वर्षी आई म्हणाली, आता मुलीने भट्टीवर जायचं नाही, आणि संपलं. पुढे तुझ्या वडिलांनी किती खटपट केली, पण तो हिरवा काही परत आला नाही. सगळे म्हणायचे, बाबांच्या हाताला गुण होता. मीही मान डोलवायचे. वहीत मुठी लिहिल्यात हे मला आज कळतंय.

माझी नात नेमकी आठची आहे. तिच्याकडून दोन मुठी साखर भरून घेतली. पहिल्यांदा निम्मी खाल्ली तिने, म्हणून पुन्हा भरायला लावली. ती काचेच्या वाटीत ओतून बाहेरून रेघ मारलीय. वाटी सोबत पाठवतेय. परत कर, सेटमधली आहे.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे ती आहेच.

तुझी आत्या

२८ जानेवारी

ति. आत्यास,
सा. न.

हिरवा आला. भट्टीवाले काका कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, त्यांनी एक फरशी घरी न्यायला मागून घेतली. मी तर चक्क रडले.

पण गंमत ऐक. नव्या फरशा खालच्या पायऱ्यांना तंतोतंत जुळल्या आणि वर फिक्या दिसायला लागल्या. मग नीट पाहिलं. वर जाल तसा जुन्या फरशांचा रंग गडद होत जातो. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, माती बदलली असेल. मी म्हटलं, नाही हो, जिना सहा वर्षं चालला होता, आमची आत्या मोठी होत होती. मग वरच्या पायऱ्यांसाठी वाटीवरची रेघ थोडी थोडी वर सरकवली, आणि सगळं बसलं. जिना वाचला, आत्या. तू नसतीस तर मी काय केलं असतं?

आता तिथे आजोबांच्या नावाची पाटी लागणार आहे. त्याखाली तुझं नाव घालायला मी सांगितलंय. रागावू नकोस.

आहे तशीच माझी राहा.

तुझी चिमणी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा नातीकडून वाचून घेतलं. साठ वर्षांत मला कुणी भट्टीबद्दल काही विचारलं नव्हतं. तू विचारलंस, पोरी, तुझे फार उपकार झाले. आत्याने भाचीला असं म्हणायचं नसतं, तरी म्हणते.

पाटीवर माझं नाव कशाला, असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. खोटं लिहवेना.

नाव घाल. पण बाबांच्या खाली नको, शेजारी घाल. आणि लग्नाआधीचं घाल. मुठी त्या मुलीच्या होत्या.

तुझीच,
आत्या