तात्यांच्या पायाखालचा दाब

३ फेब्रु. २००७, शनि., माण
रोबोच्या बोटासाठी दाब ओळखणारा विकतचा सेन्सर परवडणार नाही. घरीच करायचं. आय.सी. म्हणजे चिपा ज्यात खोचून येतात त्या काळ्या फोमचा तुकडा, दोन बाजूंना तांब्याच्या पट्ट्या. दाबला की मीटरवरचा आकडा उतरतो. सोडल्यावर जागेवर यायला मात्र पाच मिनिटं!

७ फेब्रु.
फोम बाद. सुटे भाग येतात त्या काळ्या पिशवीचं प्लास्टिक कापून लावलं. छान वाकतं, आकडाही लगेच परततो. घरमालक तात्या दारात. "काय करतियास, पोरी?" यंत्राला स्पर्श कळावा म्हणून, म्हटलं. हसले.

११ फेब्रु., रवि.
दोन टोमॅटो फुटले, तिसरा बोटांनी अलगद धरला! घरमालकीण काकूंना दाखवायला धावले. त्या अंगणात तात्यांचा पाय धूत होत्या. चपलेतला खिळा वर आलेला, तात्या तसेच गावभर फिरले. फरशीवरचं रक्त काकूंनी पाहिलं. साखरेच्या आजारानं तात्यांचे तळवे बधिर झालेत. वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
"दुखलं न्हाई?" काकूंनी विचारलं.
"न्हाई ना. त्येच तर." मग तात्या माझ्या हातातल्या रोबोच्या बोटाकडे बघून, "ह्याला कळतंय व्हय?"
टोमॅटोचं सांगायचं राहिलं.

१३ फेब्रु.
डॉक्टर म्हणाले, अशी आणखी एक जखम झाली तर पाय वाचेलच असं नाही. काकू जेवल्या नाहीत.

१७ फेब्रु.
रोबो बाजूला. तात्यांच्या चपलेत बसतील असे त्याच प्लास्टिकचे तीन तुकडे : टाच, चवड्याची बाहेरची कड, अंगठा. त्यांना न विचारताच केलं.

२४ फेब्रु., शनि.
तुकडे दाखवताच तात्या भडकले. "मी काय यंत्र हाय व्हय?" चूक माझीच. आधी विचारायला हवं होतं. पण...

४ मार्च, रवि.
जखम भरली. सकाळी तात्या आपणहून आले, नवी चप्पल हातात. "बगू तुजं."
तुकडे चपलेत बसवून दिले, ती घालून तात्या उभे राहिले. चवड्याच्या बाहेरच्या कडेला दाब फार. "कुटं?" हात लावून दाखवलं. पाय सरळ केला, आकडा बदलला. मग कितीतरी वेळ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकत मीटर बघत राहिले.
शेवटी, "पावसात चालंल का?"
पावसाचं सोडा, घामानं बिघडतं का हेच मला ठाऊक नाही. तसं सांगितलं.
"मंग घामाचं आदी बगू," म्हणाले आणि घाम येईस्तोवर चालायला निघाले. मीटर हातात, वायर पायजम्यावरून खाली. फाटकाबाहेर गेले. काकू आणि मी ओट्यावर बसून आहोत.