पुढच्या सीटचं माप

बाबा, मी एक नाव बनवायला दिली आहे. समुद्रात वल्हवायची, लांब, निमुळती, दोन माणसांची कयाक. रायपुरात समुद्र कुठून आला, म्हणाल. समुद्र विशाखापट्टणमला आहे, आणि माझ्या कॉलेजातली ती मुलगी तिथे आहे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा सगळ्यांशी भांडलो, एक तिच्याशीच नाही. तिला तिथे नोकरी लागली. दर रविवारी भाड्याच्या कयाकमधून समुद्रात जाते, फोटो टाकते, माझा फोन मात्र उचलत नाही. म्हणून मी मोटारसायकल विकली आणि तिथल्याच एका कारागिराला ऑर्डर दिली.

तो व्हिडिओ कॉलवर काम दाखवतो. तुम्ही वॅगनच्या कारखान्यात चाकावर हातोडी मारून तडा ऐकायला कान द्यायचे, ते आठवलं. त्याला म्हटलं, तळाला बोटांनी ठोकत चला. टक, टक, टक, आणि एका जागी भद्द. फायबरच्या कापडाखाली हवा राहिली होती. मी इतका भडकलो की तो म्हणाला, "भैया, समुंदर में नाव चलाओगे कि झगड़ा करोगे?" पण ती जागा घासून त्याने पुन्हा भरली. मग मापं मागितली. उंची, कंबर, बसल्यावर पाय कुठवर पोचतो. सीट सैल झाली तर लाटेत माणूस हलतो, घट्ट झाली तर पाय बधिर होतात. माझी दिली. पुढच्या सीटसाठी तिची दिली, अंदाजाने. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागायचं, एवढं पक्कं माहीत होतं.

काल तिने फोन उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माह्या मापाची सीट बनवून राहिला, अन् मले बसायचं हाये का, हे विचारलं का तू?" मी म्हटलं, "तुह्यासाठीच तर करून राहिलो!" "हेच. कॉलेजातही न विचारताच सगळं ठरवलं तू." आणि फोन कट.

बाबा, त्या क्षणी मी पुन्हा लहान होऊन चौबे कॉलोनीतल्या आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे. रायपूर नुकतं राजधानी झालंय, मुश्किलीने मिळालेला मिस्त्री ओटा सगळ्या घरांएवढ्याच उंचीचा करतो म्हणतोय, आणि तुम्ही ऐकत नाही. विटा रचून वर पोळपाट ठेवलाय, आई लाटून पाहतेय. "आता?" "अजून एक वीट काढा." मी मध्येच छातीशी हात धरून सांगतो, आईला एवढा पुरे. तुम्ही टपली मारता. "लाटणारी ती हाये ना? तिले विचार. तू काहून सांगून राहिला?"

उद्या सकाळी वरचा भाग तळाला जोडतील, मग सीट हलत नाही. कारागिराचे सकाळपासून फोन. "एक सीट या दो? पक्का बोलो." एक म्हटलं तर तिची जागा कायमची बंद, वरून गुळगुळीत, तिथे कोणी बसणार होतं हे कळणारही नाही. दोन म्हटलं तर पुन्हा तेच, तिला न विचारता. मी काम करतो त्या पंडरी बाजारातल्या दुकानात गिऱ्हाईकासमोर कापडाचं थान उलगडतो आणि हात तिथेच थांबतो.

शेवटी म्हटलं, "एक." तो म्हणाला, "ठीक है, अब बीच में बैठोगे. अपना नाप फिर से बोलो."

हे पत्र तुम्ही मागे ठेवून गेलेल्या हातोडीखाली ठेवतो. आईला यातलं काही माहीत नाही. आणि त्याला मी जे माप सांगितलं, ते माझं नव्हतं, माझ्या खांद्याला लागणाऱ्या उंचीचं होतं.