बाबांच्या डोक्यातली तिसरी खोली

५ फेब्रुवारी २००१
लायब्ररीत मानसशास्त्रावरचं व्याख्यान ऐकलं. स्मरणशक्तीच्या तीन खोल्या. पहिलीत गोष्ट क्षणभर टिकते. दुसरीत जेमतेम सात मावतात. तिसरी जन्मभराची. घोकलं की दुसरीतलं तिसरीत जातं. एवढं सोपं असताना बाबांच्या विसरण्यावर डॉक्टर नुसती मान हलवतात!
बाबा मला लहू म्हणतात. लहू त्यांचा मिलमधला जुना सोबती. लग्नाआधी लोअर परळला गाववाल्यांच्या खोलीत दोघांची वळकटी एकच. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. मी जरा आडवा झालो की बाबा हलवतात, लहू, ऊठ, माजी पाळी सुटली.
संकल्प: होळीच्या आत बाबा मला हरेश्वर म्हणतील. मुलगा म्हणून ओळखतील.

८ फेब्रुवारी
घोकंपट्टी सुरू. माझं नाव घेतल्याशिवाय चहा नाही. शेवंती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला चहासाठी काय रडवताय? बायकोला शास्त्र कळत नाही. बाबांनी नाव घेतलं. चहा प्यायले आणि म्हणाले, लहू, च्या बरी झाली.

१३ फेब्रुवारी
सराव नाही. ऑफिसात ऑडिट. बाबांच्या गोळ्या आणायच्या राहिल्या. माझा दोष नाही, माझी दुसरी खोली भरलेली होती.

१९ फेब्रुवारी
घोकणं पोरांसाठी. खरी गोष्ट खूण! तेच वातावरण दिलं की आठवण आपोआप बाहेर येते. शेजारच्या रघूने संपाच्या आधी मिलचा सकाळचा भोंगा टेप केलेला. मागून आणला.
संप फसून मिल बंद पडली तेव्हा मी दहावीत. अख्ख्या चाळीला माहीत, मला परीक्षा झाल्यावर कळलं. बाबांचं माझ्याकडे तेव्हाही लक्ष नव्हतंच.

२० फेब्रुवारी, सकाळी
भोंगा लावला. बाबा ताडकन उठले. तोंड धुतलं, सदरा घातला, डबा मागितला. किती वर्षांनी असे ताठ उभे राहिले! मला रडू आलं. तिसरी खोली उघडली. आता रोज भोंगा. शेवंती नको म्हणते. ती काय, चहालाही नको म्हणाली होती.

२६ फेब्रुवारी
मी आंघोळीला गेलो तेवढ्यात बाबा डबा घेऊन कामावर गेले. मिलच्या जागी आता काचेची ऑफिसं. वॉचमनने आत सोडलं नाही. दिवसभर उन्हात फुटपाथवर बसले. संध्याकाळी सापडले. डबा तसाच. का नाही जेवलात विचारलं, तर म्हणाले, जेवणाचो भोंगो खंय झालो?
चूक टेपची आहे. तिच्यात जेवणाचा भोंगाच नाही.
बाबांच्या अंगात ताप आहे.

१ मार्च
हॉस्पिटल. डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. म्हणाले, नातेवाइकांना कळवून ठेवा. वॉर्डात टेप लावू देत नाहीत. नाहीतर अजून जमलं असतं.

२ मार्च
खाटेच्या कडेला बसलो होतो. बाबांनी डोळे उघडले. लहू, ऊठ, पाळी सुटली. उठलो.
मग जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, गिरण काय आता चालू व्हायची नाय. हरेश्वराक सांगू नको हां. दहावीची परीक्षा आसा त्येची.
नाव घेतलं. होळीच्या आत.
मी म्हटलं, नाही सांगत.